व्यावसायिक लेखाशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण : पालकांशी चार शब्द
(ज्ञातिसंस्थेच्या विद्यार्थी-गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने मला आज बोलण्याची आज्ञा केली, ती मी शिरोधार्य मानतो. मी स्वतः केवळ मॅट्रिक. सारा जन्म प्राथमिक शाळेत पाढे शिकविण्यात गेला. अशा माणसाने उच्च शिक्षणावर काय बोलावे, अशी शंका कोणास आली तर ती रास्तच होय. परंतु या विषयात आमच्या घराने जी किंमत मोजली, ती सांगण्याचा अधिकार मला खचित आहे.

गेल्या आठवड्यात एक ज्ञातिबंधू माझ्याकडे आले होते. त्यांची कन्या एकसष्ट टक्के गुणांनी बी. कॉम. झाली. तिने ऑस्ट्रेलियात जाऊन ‘मास्टर ऑफ प्रोफेशनल अकाउंटिंग’ ही पदवी घ्यावी, असे त्यांना कोणी सुचविले होते. त्यासाठी गावाकडील जमीन बँकेस तारण द्यावी काय, हा त्यांचा प्रश्न. तो ऐकताच मला माझा पुतण्या आठवला.

२०१६ साली तो याच पदवीसाठी त्या देशी गेला. तोही बी. कॉम. साडेसात लाखांपुढील शिक्षणकर्जास बँका सामान्यतः तारण मागतात. बंधूंनी राहते घर दिले, वहिनींच्या पाटल्या गेल्या आणि जामीन म्हणून मी सही केली. मुलगा अभ्यासू. दोन वर्षांत पदवी चांगल्या गुणांनी मिळविली. दोष त्याचा नव्हता आणि विद्यापीठाचाही नव्हता. तो आमच्या समजुतीचा होता. पदवी हाती पडली की मुलगा तेथील मान्यताप्राप्त लेखापाल झाला, असे आम्ही धरून चाललो होतो. वस्तुतः ती पदवी म्हणजे देवडी; गाभारा पुढेच राहतो. तेथील ‘सीपीए ऑस्ट्रेलिया’ अथवा ‘चार्टर्ड अकाउंटंट्स ऑस्ट्रेलिया अँड न्यूझीलंड’ या संस्थांचे सभासदत्व मिळण्यास त्यांच्या स्वतंत्र परीक्षा द्याव्या लागतात आणि शिवाय तीन वर्षे कामाचा अनुभव लागतो. अनुभवासाठी नोकरी हवी, आणि नोकरी देणारे आधी अनुभव विचारीत. तेथे राहण्याच्या परवान्याची मुदत संपली आणि २०२० साली तो परत आला.

येथे आल्यावर दुसरी गोष्ट कळली. आपल्या देशात कंपनीचे लेखापरीक्षण करून त्यावर सही करण्याचा अधिकार सनदी लेखापालास, म्हणजे आपण ज्यास सी. ए. म्हणतो त्यालाच आहे. १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेली इन्स्टिट्यूट ही सनद देते. विद्यापीठाची पदवी, मग ती येथील एम. कॉम. असो वा परदेशची, तो अधिकार देत नाही. हे वाक्य मी २०१६ मध्ये कोणाकडून ऐकले असते तर सही करताना माझा हात थांबला असता.

तेव्हा पदवीची योजना शेवटाकडून आरंभावी. मुलास अखेर कोठे काम करावयाचे आहे, तेथे सहीचा अधिकार कोण देते, ते आधी पाहावे. विद्यापीठ मागाहून शोधावे. येथेच व्यवसाय करणे असेल तर वाणिज्य शाखेच्या ज्या पदवीधरास पंचावन्न टक्के गुण आहेत त्यास सी. ए. च्या इंटरमीजिएट परीक्षेस थेट नाव नोंदविता येते. अन्य शाखांच्या बहुतेक पदवीधरांस साठ टक्के लागतात. नोंदणीनंतर आठ महिन्यांचा अभ्यास, दोन्ही गट उत्तीर्ण झाल्यावर आर्टिकलशिप म्हणजे उमेदवारी, आणि ती संपल्यावर सहा महिन्यांनी अंतिम परीक्षा. २०२३ च्या नव्या योजनेत उमेदवारी तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली. सर्व सुरळीत झाले तर साडेतीन वर्षे. परंतु सुरळीत होईलच असे कोणी धरू नये. प्रत्येक विषयात चाळीस आणि एकूण पन्नास टक्के गुण हवेत. हुशार मुलेही एका विषयात अडकतात. म्हणून घरखर्चाची बेरीज पाच वर्षांची करावी. उमेदवारीत विद्यावेतन मिळते, पण ते अल्प. त्यावर संसार चालणार नाही, मुलाचा जाण्यायेण्याचा खर्च निघाला तरी पुष्कळ.

“पण मग पोरगी पदव्युत्तर कशी म्हणवणार?” असे एका मातोश्रींनी मला विचारले. त्यांच्या समाधानासाठी सांगतो : २०२१ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने सी. ए. ही अर्हता पदव्युत्तर पदवीशी समकक्ष मानली आहे.

ऑस्ट्रेलियाची ती पदवी निरुपयोगी आहे, असे मात्र माझे म्हणणे नाही. ती मुळात अन्य शाखेतून लेखाशास्त्राकडे वळणाऱ्यांसाठी आखलेली असते. तेथेच स्थायिक होऊ इच्छिणाऱ्या अभियांत्रिकी वा विज्ञान पदवीधरास ती उचित वाट आहे. बी. कॉम. झालेल्यास मात्र शिकलेलाच बराचसा भाग पुन्हा, आणि तोही डॉलर मोजून, शिकावा लागतो. शिवाय परदेशचे नियम आपल्या हाती नसतात. विद्यार्थी-परवान्याचे शुल्क १ जुलै २०२४ रोजी एकदम ७१० डॉलरवरून १६०० डॉलर झाले आणि पुढल्याच वर्षी २०००. पदवीनंतर राहण्याच्या परवान्यास वयाची मर्यादाही २०२४ मध्येच बहुतेकांसाठी पन्नासवरून पस्तीसवर आणली गेली. जाणाऱ्याने हे नियम त्या सरकारच्या स्वतःच्या पत्रकात वाचावेत. वाटाड्याच्या तोंडून ऐकलेले आम्ही खरे मानले होते.

माझा पुतण्या तिशी उलटल्यावर पुन्हा विद्यार्थी झाला. आपल्याहून नऊ-दहा वर्षांनी लहान मुलांच्या शेजारी बसून त्याने उमेदवारी केली. अंतिम परीक्षेचा एक गट निघाला, दुसरा राहिला आहे. घरावरील कर्जाचा हप्ता अजून बंधूंच्या निवृत्तिवेतनातून जातो.

त्या ज्ञातिबंधूंना मी कन्येसह परत बोलाविले आणि तिला विचारले, “बाळ, तुला कोठे राहून काम करावयाचे आहे?” ती म्हणाली, “येथेच, गुरुजी. आईबाबांजवळ.” हा प्रश्न तिला तोवर कोणी विचारलाच नव्हता. जमिनीचा उतारा तिच्या वडिलांनी घडी करून खिशात ठेवला, आणि इंटरमीजिएटच्या नोंदणीचा अर्ज आम्ही तिघांनी मिळून त्याच दिवशी भरला.