कळांना वर्ण नसतो

१८४५ ते १८४९ या काळात अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात डॉ. जे. मॅरियन सिम्स यांनी बाळंतपणातल्या एका अवघड इजेवरची शस्त्रक्रिया विकसित केली. ती ज्यांच्या देहावर झाली, त्या कृष्णवर्णीय गुलाम स्त्रिया होत्या. त्यांतल्या अनार्कावर सुमारे ३० वेळा शस्त्रक्रिया झाली, भूल न देता. बॉस्टनमध्ये ईथरचा जाहीर प्रयोग १८४६ मध्येच झाला होता.

गुलामगिरी गेली. भेद मात्र प्रसूतिगृहात टिकून राहिला.

आज कळा शमवण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे एपिड्युरल. भूलतज्ज्ञ बाईला पाठ वाकवून बसवतात, कमरेच्या मणक्यांमधून सुई घालून बारीक नळी आत सोडतात आणि तिच्यातून औषध देत राहतात. वेदना ओसरते, बाई पूर्ण जागी असते. जॉर्जिया राज्यात १९९८ साली मेडिकेड या सरकारी आरोग्यविमा योजनेतल्या सुमारे ३० हजार बाळंतपणांची नोंद तपासली गेली. एपिड्युरल गोऱ्या स्त्रियांपैकी ५९.६ टक्के जणींना मिळालं होतं, कृष्णवर्णीयांपैकी ४९.५ आणि हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळाच्या, स्त्रियांपैकी अवघ्या ३५.३ टक्के जणींना. विमा सगळ्यांचा एकच होता, त्यामुळे पैशाकडे बोट दाखवता येत नाही.

सिझेरियनमध्येही तेच. १९९९ ते २००२ दरम्यानच्या नोंदींत ५.२ टक्के गोऱ्या स्त्रियांना पूर्ण, म्हणजे बेशुद्ध करणारी भूल दिली गेली, तर कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये हे प्रमाण ११.३ टक्के होतं. पूर्ण भुलेत पोटातलं अन्न फुफ्फुसात जाण्याचा धोका असतो, आणि आईला बाळाचं पहिलं रडणंही ऐकता येत नाही.

असं का होतं? २०१६ मध्ये व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना काही प्रश्न विचारले. कृष्णवर्णीयांची कातडी जाड असते, यांसारखा एखादा तरी खोटा समज त्यांच्यापैकी जवळपास निम्म्यांना खरा वाटत होता. असे समज बाळगणारे कृष्णवर्णीयांच्या वेदना कमी लेखत होते. भाषेची अडचण निराळीच.

एपिड्युरल नको म्हणण्याचा हक्क प्रत्येकीला आहे; पण आधी ते काय आहे, हे तिला तिच्या भाषेत कळायला हवं. सरकारी निधी घेणाऱ्या अमेरिकी रुग्णालयांवर दुभाषा मोफत देण्याचं बंधन आहे. लेकीसुनांच्या बाळंतपणासाठी तिकडे जाणाऱ्यांनी तो जरूर मागावा, आणि भुलेबद्दलचे सगळे प्रश्न कळा सुरू होण्याआधीच विचारून घ्यावेत.