विसंगतीने नेमके काय सिद्ध होते?



‘क असेल तर ख’ आणि ‘क आहे’ ही दोन विधाने मान्य केली की ‘ख’ मान्य करावेच लागते. ‘ख’ नाही असे आढळले, तर ‘क’ही नाही. या अनुमाननियमांविषयी कोणाचे दुमत नाही. वाद सुरू होतो तो विसंगतीद्वारा केलेल्या सिद्धतेपाशी.

२ चे वर्गमूळ अपरिमेय आहे, हे आपण शाळेत शिकलो. ते परिमेय मानून अतिसंक्षिप्त अपूर्णांकात लिहिले, की अंश व छेद दोन्ही सम ठरतात आणि विसंगती येते. येथे गृहीत धरलेले विधान खोटे ठरले, एवढेच घडले. परंतु ‘अमुक संख्या नाहीच’ असे मानून विसंगती आणली आणि ‘म्हणून ती आहे’ असे म्हटले, तर ‘नाही असे नाही’ म्हणजेच ‘आहे’ ही एक जादा पायरी आपण चढतो. या दोन युक्तिवादांना पुष्कळदा एकच नाव दिले जाते, ते मला उचित वाटत नाही.

या पायरीमागे ‘प्रत्येक विधान सत्य तरी असते किंवा असत्य तरी’ हा नियम आहे. त्याची करामत पाहा. अपरिमेय संख्येचा अपरिमेय घात परिमेय असू शकेल काय? २ च्या वर्गमुळाला त्याच वर्गमुळाचा घात द्या. उत्तर परिमेय असेल तर काम झाले. नसेल, तर त्या अपरिमेय उत्तराला पुन्हा तोच घात द्या, २ मिळतात. जोडी आहे खास. पण दोहोंपैकी कोणती, याविषयी सिद्धता मौन पाळते! पुस्तक या दोन कपाटांपैकी एकात आहे एवढेच सांगून किल्ल्या खिशात ठेवणाऱ्या ग्रंथपालाला आपण काय म्हणू? १९३४ मध्ये गेलफाँड व श्नायडर यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केलेल्या प्रमेयावरून पहिले उत्तर अपरिमेयच ठरते, म्हणजे जोडी दुसरी.

डच गणिती ब्राउवर यांनी १९०८ मध्येच, अनंत समूहांच्या बाबतीत हा नियम विश्वासार्ह नाही, असा आक्षेप घेतला. वर्गमुळाची ती शालेय सिद्धता त्यांनाही मान्य होण्याजोगी आहे, घातांची नव्हे. हिल्बर्ट यांच्या मते मात्र हा नियम काढून घेणे म्हणजे खगोलशास्त्रज्ञाची दुर्बीण हिरावणे होते. वाद इतका विकोपास गेला की १९२८ मध्ये हिल्बर्ट यांनी ब्राउवर यांना एका प्रतिष्ठित गणित-नियतकालिकाच्या संपादक मंडळातून दूर केले.

आपल्या नैयायिकांनी सोळा पदार्थांत ‘तर्क’ स्वतंत्र मोजला, पण चार प्रमाणांत त्याला स्थान दिले नाही. ‘डोंगरावर अग्नी नसता तर धूरही नसता’ हा तर्क शंका दूर करतो. अग्नीचे ज्ञान देते ते अनुमान. त्यांचा प्रश्न ब्राउवर यांचा नव्हता, हे खरे. तरीही विसंगती दाखवणे आणि वस्तू जाणणे यांत त्यांनी अंतर राखले होते. आज सिद्धता तपासणाऱ्या काही संगणक-प्रणालींत तो वादग्रस्त नियम मुळात नसतो. हवा असेल तर गणितज्ञाला तो गृहीतक म्हणून स्वतंत्रपणे नोंदवावा लागतो.