डीपीवरचं मीटर कुणासाठी?



वसमत-कळमनुरीकडं हळदीला पाणी द्यायच्या दिवसांत डीपी का जळते? लाईट येताच ऑटोस्विचवरच्या साऱ्या मोटारी एकदम उठतात. मोटारीला कपॅसिटर लावला तर तारांवरचा भार उतरतो. हे आम्ही शेतकी पदवीवाल्यांनीही कधी नीट सांगितलं नाही. ती चूक आपली.

हिशेबाची चूक मात्र आपली नाही. मीटर नसलेल्या पंपाचं बिल अश्वशक्तीवर धरतात. खरी युनिटं मोजलेलीच नसतात, म्हणून गळती आणि चोरी शेतीच्या खात्यावर घालायला वाव राहतो. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंत बिल माफ झालं, सरकार ते भरतं. पण उद्या हाच फुगलेला आकडा दाखवून शेतकऱ्याला फुकट्या म्हणतील!

केंद्राच्या २०२१ च्या वितरण सुधारणा योजनेत ग्राहकांच्या स्मार्ट मीटरमधून शेतीपंप वगळले; फिडर आणि डीपीवर मात्र आपोआप नोंद पाठवणारी मीटरं बसवायची ठरली. फिडरवर किती सोडली, डीपीवर किती पोचली, हे दिसलं की मधली गळती आपल्या नावावर टाकता येणार नाही. म्हणून आमची मागणी: हे आकडे दरमहा ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागले पाहिजेत.