श्रमाचें मोल आणि स्त्रीचा हक्क

परभणी जिल्ह्याच्या काळ्या जमिनींत कापूस, ज्वारी, सोयाबीन पिकतें आणि या प्रत्येक पिकामागें स्त्रीचे हात असतात. निंदण-खुरपण तिचें, वेचणीही तिचीच. मानवत, सेलू येथील बाजारांत कापसाच्या गाड्या येऊन उभ्या राहतात, तेव्हां त्यांतील कापूस बहुधा स्त्रियांनींच वेचलेला असतो. तथापि मजुरीची गोष्ट निघाली कीं दोन भाव ऐकूं येतात : गड्याची मजुरी एक, बाईची दुसरी. हे दोन भाव कोणीं ठरविले, असें विचारल्यास ‘वहिवाट’ एवढेंच उत्तर मिळतें. वहिवाट जुनी असली म्हणजे ती न्याय्य असतेच असें नाहीं. आणि काम सारखेंच असेल, तर ही वहिवाट कायद्याच्याही विरुद्ध आहे.

परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. २६ जानेवारी १९५० रोजीं भारताची राज्यघटना अमलांत आली आणि येथील प्रजाजनांस नागरिकत्वाचे हक्क प्राप्त झाले. घटनेच्या १६ व्या कलमानें सरकारी नोकरींत केवळ स्त्री म्हणून कोणासही डावलण्यास मनाई केली. ३९ व्या कलमांत समान कामास समान वेतन हें तत्त्व सांगितलें; परंतु तें राज्यकारभारास मार्गदर्शक म्हणून. त्याच्या बळावर सामान्य मजूर स्त्रीस थेट दाद मागतां येईना. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेनें १९५१ मध्यें समान वेतनाचा करार संमत केला व भारतानें १९५८ मध्यें त्यास मान्यता दिली. प्रत्यक्ष कायदा होण्यास मात्र १९७५ हें आंतरराष्ट्रीय महिला वर्ष उजाडावें लागलें. त्या वर्षीं अध्यादेश निघाला आणि १९७६ मध्यें समान वेतनाचा कायदा झाला.

या कायद्याचा कस लागला तो मुंबईंत. मॅकिनन मॅकेन्झी कंपनींतील लघुलेखिका ऑड्री डिकॉस्टा यांची नोकरी १९७७ मध्यें संपुष्टांत आली. त्याच कंपनींतील पुरुष लघुलेखकांना आपल्यापेक्षां अधिक वेतन मिळत होतें, अशी तक्रार त्यांनीं या कायद्याखालीं केली. प्रकरण पायरी-पायरीनें सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें व १९८७ मध्यें निकाल त्यांच्या बाजूनें लागला. कंपनीचें म्हणणें असें, कीं स्त्रियांचें काम निराळें आहे, वेतन युनियनशीं झालेल्या करारानुसार आहे आणि अधिक भार सोसण्याची आपली ऐपत नाहीं. न्यायालयानें यांपैकीं एकही सबब मान्य केली नाहीं. दोन कामांतील बारीकसारीक फरक मोजीत बसूं नये, कामाचें एकंदर स्वरूप सारखें आहे कीं नाहीं हें पाहावें. कराराच्या आड लपून कायदा मोडतां येत नाहीं. आणि मालकाच्या ऐपतीवर कायद्याचा अंमल अवलंबून नाहीं, असें ठरलें. एका लघुलेखिकेच्या वेतनाचा हा वाद. पण त्यांत ठरलेलीं तत्त्वें सर्व कष्टकरी स्त्रियांच्या उपयोगाचीं आहेत.

भेदभाव केवळ पगारांतच होतो असें नाहीं. मुंबईच्या एका औषधी कारखान्यांत लग्न होतांच स्त्री कामगाराची नोकरी संपे. सर्वोच्च न्यायालयानें १९६५ मध्यें हा नियम अयोग्य ठरविला. एअर इंडियाच्या हवाई सेविकांस पहिल्या गरोदरपणींच नोकरींतून निवृत्त करण्याचा नियम होता, तोही १९८१ मध्यें रद्द झाला. त्या सेविकांच्या सगळ्याच तक्रारी मान्य झाल्या नाहींत. परंतु मातृत्व हा नोकरींतील अपराध नव्हे, एवढें त्या निकालानें पक्कें झालें. प्रसूतीच्या पगारी रजेचा कायदा १९६१ चा. पहिल्या दोन अपत्यांसाठीं ही रजा २०१७ पासून २६ आठवड्यांची झाली.

आज हे जुने कायदे नव्या संहितांत सामावले गेले आहेत. समान वेतनाचा कायदा २०१९ च्या वेतन संहितेंत आणि प्रसूतीचा कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत आला; या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आल्या आहेत. एकाच मालकाकडील सारख्या कामासाठीं स्त्री-पुरुष असा भेद करूं नये, नोकरी देतांनाही तो करूं नये आणि समानता आणण्याच्या निमित्तानें कोणाचेंही वेतन घटवूं नये, असें वेतन संहिता सांगते. कमी वेतन मिळालें असल्यास तीन वर्षांच्या आंत नेमलेल्या अधिकाऱ्याकडे अर्ज करतां येतो. नोंदलेली कामगार संघटनाही तो करूं शकते. वेतन पुरें दिलें हें शाबीत करण्याचा भार मालकावर आहे, मजुरावर नाहीं.

येथें एक अडचण मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. कायदा सारख्या कामाची तुलना करतो. खुरपणी केवळ बायकांची आणि फवारणी केवळ गड्यांची, अशी वाटणी जेथें रूढ आहे, तेथें तुलना करण्यास शेजारीं पुरुषच सांपडत नाहीं. अशा ठिकाणीं किमान वेतनाचा आधार घ्यावा लागतो. शेतमजुरीसाठीं सरकारनें ठरविलेला किमान दर स्त्रीस वेगळा आणि पुरुषास वेगळा नसतो; आणि पुष्कळ ठिकाणीं बाईची मजुरी त्या दराच्याही खालीं घसरलेली आढळते. रोजगार हमीच्या कामांनीं, १९७७ च्या राज्य कायद्यापासून, मराठवाड्यास हाच धडा दिला होता : खोदलेल्या मातीचें माप घेतात, खोदणाऱ्याची जात किंवा लिंग मोजीत नाहींत.

वेतनाइकीच महत्त्वाची गोष्ट अब्रूची. राजस्थानांतील एका समाजसेविकेवरील अत्याचारानंतर निघालेल्या विशाखा प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें १९९७ मध्यें नियम घालून दिले व २०१३ मध्यें त्यांचा कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसें काम करितात तेथें अंतर्गत समिति असलीच पाहिजे. ज्या स्त्रियांस असा आधार नाहीं, किंवा ज्यांची तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, त्यांच्यासाठीं प्रत्येक जिल्ह्यांत स्थानिक समिति असावी, असा कायदा आहे. परभणी जिल्हाही त्यास अपवाद नाहीं. तक्रार सामान्यतः तीन महिन्यांच्या आंत लेखी द्यावी. जिला लिहितां येत नाहीं तिला लिहिण्यास साह्य करणें हें समितीचें कर्तव्य आहे.

सुशिक्षित कुटुंबांनीं एक गोष्ट विशेष ध्यानांत घ्यावी. या कायद्याच्या दृष्टीनें राहतें घर हेंही कामाचें ठिकाण आहे आणि धुणीभांडीं करणारी बाई ही कामगार आहे. तिच्या हक्काची आठवण तिला करून देणारें माणूस बहुधा त्याच घरांत असतें. तिच्या कामाच्या दिवसांची आणि दिलेल्या पैशांची नोंद एका साध्या वहींत ठेवावी, ती वही तिला दाखवावी व तिच्याजवळही एक नक्कल असूं द्यावी. कायदा पुस्तकांत पुष्कळ आहे; त्याची सुरुवात अशा वहीपासून झाली तरच तो शेताच्या बांधापर्यंत पोहोंचेल.