पाण्यापलीकडची वस्ती

छत्रपति संभाजीनगराहून पुण्याच्या रस्त्यानें निघालेला प्रवासी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर गेला, म्हणजे गंगापूर तालुक्यांतील कायगांवच्या परिसरांत गोदावरीचें विस्तीर्ण पाणी त्याच्या दृष्टीस पडूं लागतें. देखावा खरोखर मनोहर असतो. हिवाळ्यांत येथें रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, आणि १९८६ सालापासून हा सारा जलाशय पक्ष्यांचें अभयारण्य म्हणून राखून ठेविलेला आहे. परंतु या पाण्याच्या कांठीं माणसेंहि राहतात, आणि त्यांच्याविषयीं प्रवाशास क्वचितच कुतूहल वाटतें. अशाच एका लहानशा वस्तीची हकीकत श्रोत्यांपुढें ठेवावयाची आहे.

भिवधानोरा हें गांवाचें नांव. एका अंगास शिवना, दुसऱ्या अंगास लाहुकी आणि समोर फुगलेली गोदावरी, असें त्यास पाण्याचें वेष्टन आहे. गांव महामार्गापासून तसें दूर नाहीं. दूर आहेत तीं त्याच्या शिवारांत, पाण्यापलीकडे, आपापल्या शेतांवर राहणारीं थोडींशीं कुटुंबें. जमीन पलीकडे, शाळा अलीकडे, आणि मध्यें सुमारें एक किलोमीटर रुंदीचें पाणी! २०२३ सालच्या ऑगस्ट महिन्यांत या वस्तीवरील पंधराएक मुलांची हकीकत वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाली, तेव्हां कोठें बाहेरच्या जगास तिचा पत्ता लागला. हीं मुलें थर्मोकोलच्या तक्त्यावर बसून शाळेस जात होतीं. शहरांत नवें यंत्र विकत घेतलें म्हणजे त्याच्या खोक्यांत जो पांढरा, हलका पदार्थ निघतो, तोच हा. नखानें टोकरला तरी त्याचे कण सुटतात. अशा तक्त्यावर पाटीदप्तर सांभाळून बसावयाचें, हातच्या ओबडधोबड वल्ह्यानें पाणी मागें सारावयाचें, आणि तरंगता आसरा पाहून विषारी सर्प वर चढूं लागला तर त्यासहि दूर लोटावयाचें, असा त्यांचा नित्यक्रम होता. नावाडी नाहीं, आणि नावहि नाहीं. ही वार्ता वाचून मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें कोणी दाद मागण्याची वाट न पाहतां आपण होऊन प्रकरण हातीं घेतलें. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. २०२३ चा ऑगस्ट मराठवाड्यास अगदीं कोरडा गेला होता. शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसला होता; परंतु या मुलांच्या वाटेवरचें पाणी मात्र हटलें नव्हतें.

हें पाणी आलें कोठून? पैठणच्या जायकवाडी धरणाचा हा फुगवटा होय. धरण प्रथम बीड जिल्ह्यांतील जायकवाडी या गांवाजवळ बांधावें असा विचार होता; पुढें जागा बदलून पैठण ठरली, परंतु नांव तेंच राहिलें. १८ ऑक्टोबर १९६५ रोजीं पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्तें त्याची कोनशिला बसली आणि १९७६ सालीं इंदिरा गांधींच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. सुमारें दहा किलोमीटर लांबीचा बांध, सत्तावीस दरवाजे, आणि शंभर अब्ज घनफुटांहून अधिक पाणी सांठविण्याची शक्ति, असा या नाथसागराचा पसारा आहे. त्याच्या कालव्यांनीं मराठवाड्यांतील दूरदूरचीं शेतें भिजलीं, संभाजीनगरासारख्या मोठ्या शहरास प्यावयास पाणी मिळालें, कारखाने उभे राहिले. या उपकाराचें मोल कमी लेखण्याचें कारण नाहीं. ज्यानें मराठवाड्याचा दुष्काळ पाहिला आहे तो तसें कधीं करणार नाहीं. मात्र या सरोवराखालीं शंभरांहून अधिक गांवें गेलीं. जीं बुडालीं त्यांची निदान नोंद झाली. जीं बुडालीं नाहींत, पण ज्यांची वाट तेवढी बुडाली, त्यांची नोंद कोणत्या खात्याच्या दप्तरांत करावयाची?

'या लोकांनीं पलीकडे राहावें तरी कशास? गांवांत येऊन राहावें, म्हणजे प्रश्न मिटला', असें म्हणणारे शहाणे पुष्कळ आढळतात. वरवर पाहतां हें म्हणणें बिनतोड वाटतें. परंतु शेती ही दुरून करावयाची वस्तु नव्हे. उभ्या पिकांत रानडुकरें शिरतात तीं रात्रीं; गाय वितांना मालकाची सवड पाहत नाहीं; रात्रपाळीची वीज आली म्हणजे मोटर सुरू करावयास कोणी तरी बांधावर असावें लागतें. शेतकरी अलीकडे राहिला तर त्याला स्वतःलाच रोज तें पाणी ओलांडावें लागेल. म्हणजे संकट मिटलें नाहीं. मुलाच्या पाठीवरून बापाच्या पाठीवर गेलें इतकेंच. शिवाय उन्हाळ्यांत जलाशय ओसरला कीं कांठची गाळाची जमीन उघडी पडते. तींत जें पीक घेतात त्यास गाळपेर म्हणतात. तीवर नजर ठेवून राहणाऱ्यास कांठ सोडून चालत नाहीं.

असा पेंच केवळ गोदाकांठींच पडला आहे असें नाहीं. इंडोनेशियांत जावा बेटाच्या मध्यभागीं केडुंग ओम्बो नांवाचें धरण आहे. १९८९ च्या जानेवारींत तेथें पाणी अडविण्यास आरंभ झाला, तेव्हांहि कित्येक कुटुंबें मोबदला अपुरा म्हणून जागा सोडावयास तयार नव्हतीं. पाणी अंगणांत आलें तसतशीं तीं उंचावर सरकत गेलीं. मांगुनविजय नांवाचे एक कॅथलिक धर्मगुरु, जे स्वतः नामांकित वास्तुशिल्पी व कादंबरीकार होते, ते या लोकांच्या मुलांसाठीं पुढें आले. चौतीस कुटुंबांचा दावा तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९३ सालीं निकाल त्यांच्या बाजूनें लागला, आणि पुढच्याच वर्षीं तो फिरविण्यांत आला. पुढें त्या जलाशयावर तरंगत्या जाळ्यांत मासे पाळण्याचा धंदा उभा राहिला. ज्या पाण्यानें घर नेलें त्याच पाण्यावर पोट भरण्याची वेळ आली, हें दैवाचें विचित्र कौतुकच म्हणावयाचें.

नाथसागरांतहि कटला, रोहू यांसारखे मासे मिळतात आणि त्यांवर अनेक मच्छीमार कुटुंबें जगतात. पाण्यापलीकडच्या वस्तीस शेतीच्या जोडीला हा उद्योग असाध्य नाहीं. परंतु मासा असो, दूध असो कीं कापूस असो, बाजार अलीकडेच आहे; तेव्हां प्रश्न फिरून त्या एक किलोमीटर पाण्यापाशींच येतो. पूल हा त्याचा खरा उपाय. त्यास पैसा पुष्कळ लागेल, आणि थोड्या घरांसाठीं एवढा खर्च कशास, अशी शंका हिशेबनीस काढतील. त्यांनीं हिशेब अवश्य करावा. फक्त गेल्या पन्नास वर्षांत या पाण्यानें इतरांस काय मिळवून दिलें, तो आंकडाहि त्याच पानावर मांडावा.

पूल होईपर्यंत मुलांनीं थांबावयाचें कीं काय? त्यांतहि मुलींची गोष्ट निराळी आहे. मुलगा एखादें वर्ष मागें पडला तरी पुन्हां शाळेंत जाऊं शकतो. खेड्यांतील मुलीची शाळा एकदां सुटली कीं बहुधा कायमचीच सुटते, आणि घरांत लग्नाचें बोलणें निघतें. जून महिन्यांत शाळा उघडते, आणि त्याच सुमारास नाशिक-अहिल्यानगरच्या डोंगरांत पाऊस सुरू होऊन पुढें गोदावरीचें पाणी चढूं लागतें. वैशाखांत पाणी सर्वांत खालीं असतें, तेव्हां शाळेस सुट्टी! एक भक्कम नाव, तिच्यावर पगारी नावाडी, प्रत्येक मुलाच्या अंगांत तरंगतें जाकीट, आणि दोन्ही कांठांवर चिखल चुकविणारा लहानसा दगडी धक्का, एवढें झालें तर पुलाची वाट पाहतांना वर्ग बुडणार नाहींत. नावेस मोठी निविदा लागत नाहीं, आणि ती एका पावसाळ्याच्या आंत बांधून होते.