लेखनिक मागायला लाज कसली?

(गणेशोत्सवातील भाषणाचा सारांश)



व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहिलं, ही कथा आपल्या घराघरांत ठाऊक आहे. व्यासांना लेखनिक लागला म्हणून महाभारताचं श्रेय कोणी त्यांच्याकडून काढून घेतलं नाही. मग परीक्षेला लेखनिक घेणाऱ्या मुलाच्या गुणांकडे आपण संशयाने का पाहतो?

आम्ही महाविद्यालयात समुपदेशनाचं काम करतो. दिव्यांग विद्यार्थी आमच्याकडे बहुधा उशिरा येतात, परीक्षा चार दिवसांवर आली की. प्रवेश अर्जातला दिव्यांगत्वाचा रकाना कोराच असतो. विचारलं तर घरचे म्हणतात, "कशाला बोभाटा? धाकटीचं लग्न व्हायचंय अजून." एका मुलीला फळ्यावरचं दिसत नव्हतं. दोन सत्रं तिने मैत्रिणींच्या वह्यांवर काढली आणि 'अभ्यासात कच्ची' हा शिक्का घेऊन बसली. शिक्षकांनी फळ्यावर लिहिलेलं मोठ्याने वाचायचं आणि टिपणं मोठ्या अक्षरांत द्यायची, एवढ्यावर काम भागलं.

लपवण्याची किंमत मोठी असते, कारण लपवलं की हक्कही हातचा जातो. १९९५च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६च्या कायद्यात २१ आहेत. त्यात अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, थॅलेसेमियाही येतात. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत, वयोमर्यादेत ५ वर्षांची सूट आहे. लेखनिक घेणाऱ्याला तीन तासांच्या पेपरला एक तास जादा मिळतो. लिहिण्यात खरी अडचण असेल, तर केवळ ४० टक्के भरत नाहीत म्हणून लेखनिक नाकारता येणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये स्पष्ट केलं.

आम्हाला सगळ्यांत अवघड जातं ते वेगळंच. प्रश्न मुलाला विचारावा आणि उत्तर आईने द्यावं! सेरेब्रल पाल्सी असलेला एक मुलगा सावकाश बोलतो. आई त्याच्यासाठी हजेरीत सवलत मागत होती. आम्ही थांबलो, त्याला बोलू दिलं. त्याला सवलत नको होती. वर्ग तळमजल्यावर हवा होता, रोज येता यावं म्हणून. आईची माया खोटी नव्हती. पण मुलगा १८ वर्षांचा होता आणि त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

म्हणून तीन विनंत्या. प्रवेशाच्या दिवशीच महाविद्यालयाला सांगा. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड वेळेत काढा. तिसरी विनंती मंडळाला. विद्यार्थी स्वतःचा लेखनिक आणतो, तेव्हा तो साधारणपणे शिक्षणाने एक पायरी खालचा लागतो. अकरावी-बारावीची कितीतरी मुलं आत्ता मांडवात बसली आहेत. वर्गणीची यादी आपण दरवर्षी करतो. यंदा लेखनिकांचीही एक करूया. सांगितलेलं नेमकं उतरवायचं, आपल्या पदरचं काही घालायचं नाही, एवढाच नियम.

गणपती बाप्पा मोरया!