‘टक’ वाजलं, तरी रिले तपासा



एप्रिल-मे महिन्यातली दुपार. सकाळी पहिल्या चावीला सुरू झालेली जुनी पेट्रोल गाडी तासभर उन्हात उभी राहते आणि मग काही केल्या सुरू होत नाही. सेल्फ जोमानं फिरतो, म्हणजे बॅटरी ठीक आहे. टाकीत पेट्रोलही आहे. दारं उघडी टाकून अर्धा तास थांबलं, की गाडी मुकाट्यानं सुरू! अशा वेळी बहुतेकदा ‘पंप गेला’ असं सांगितलं जातं. मालक पंप बदलतो, चांगला खर्च होतो, आणि पुढच्या कडक दुपारी गाडी पुन्हा रस्त्यात उभी. पंपाला हात लावण्याआधी रिले तपासायला हवा, हे मला आज आग्रहानं सांगायचं आहे.

पद्मिनी, अ‍ॅम्बॅसेडर या गाड्यांत पेट्रोलचा पंप इंजिनावरच असायचा आणि इंजिनाच्याच जोरावर चालायचा. २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्ब्युरेटर मागे पडला आणि इंजेक्शनच्या गाड्या आल्या. त्यांचा पंप टाकीत बसवलेला आणि विजेवर चालणारा. त्याला लागणारा करंट चावीच्या स्विचला पेलवत नाही, म्हणून मध्ये रिले. कालव्यावरचा पाटकरी थोड्या जोरानं चाक फिरवतो आणि धो धो पाणी सुटतं, तसं हे काम. रिलेच्या कॉइलला पाव अँपिअरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी करंट लागतो. तेवढ्यावर ती लोहचुंबक बनते, पत्ती ओढते, दोन पॉइंट चिकटतात आणि पंपाला पुरेसा करंट मिळतो.

तपासणी कानापासून सुरू करा. चावी ‘ऑन’ केली, सेल्फ मारला नाही, तरी मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक ‘घूंऽ’ असा आवाज यायला हवा. तो पंपाचा आवाज. तो आला नाही तर आधी फ्यूज बघायचा, मग रिले. मात्र हे सगळं बिघाड चालू असतानाच करायचं. गाडी थंड होऊन सुरू झाली, की मल्टिमीटर सगळं ठीकच दाखवणार.

बहुतेक रिलेंच्या पायांवर आकडे कोरलेले असतात. ८५ आणि ८६ ही कॉइलची टोकं, ३० वर बॅटरीचा करंट येतो, ८७ वरून तो पंपाकडे जातो. कॉइलचा रोध साधारण ५० ते १२० ओहम भरतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल तुटली. ८५-८६ ला बारा व्होल्ट दिले की ‘टक’ वाजतं, आणि इथंच पुष्कळ जण फसतात. ‘टक’ म्हणजे पत्ती हलली, एवढंच. पॉइंट जळून काळे पडले असतील, तर पत्ती हलूनही करंट पुढं जात नाही. साध्या मीटरचा करंट इतका किरकोळ असतो, की काळ्या पडलेल्या पॉइंटवरची एखादी चकचकीत कणीसुद्धा त्याला पुरते, आणि मीटर रिलेला पास करून टाकतो. म्हणून रिलेवरून हेडलाइटचा ५५ वॅटचा बल्ब पेटवून बघा. त्याला साडेचार अँपिअरच्या आसपास लागतात; तो मिणमिणला तर रिले गेला. काही रिलेंत कॉइलला डायोड जोडलेला असतो, तिथं अधिक-उणे उलटं लावू नका, डायोड जळतो.

आता दुपारच्या उन्हाकडे येऊ. काही गाड्यांत रिलेच्या डबीत एक छोटी सर्किटची पाटी असते आणि पाय तिच्यावर डाग देऊन बसवलेले असतात. वर्षानुवर्षं तापून-निवून त्या डागाला पायाभोवती केसाएवढी गोल भेग जाते. भिंगाखाली ती काळसर कड्यासारखी दिसते. गाडी तापली की भेग फाकते आणि करंट तुटतो. निवली की पुन्हा जुळतो. जुनं शिसं काढून नव्यानं डाग दिला, तर तोच रिले पुन्हा कामाला येतो. सोल्डरिंगचा हात नसेल तर सरळ नवा घ्यावा.

एक गोष्ट मात्र कुणालाही करू देऊ नका. ‘साहेब, डायरेक्ट करून देतो’ असं म्हणून ३० आणि ८७ मध्ये कायमची वायर टाकली जाते. तपासणीपुरती, फ्यूज लावलेली वायर मिनिटभर चालेल. पण इंजिन बंद पडलं की पंपही बंद करायचा, ही जबाबदारी गाडीच्या कंप्युटरची असते आणि ती तो या रिलेमार्फतच पार पाडतो. अपघातात नळी तुटली, इंजिन थांबलं, आणि पंप डायरेक्ट असला, तर तो तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ओतत राहील. आत माणसं बसलेली असतात, श्रोतेहो. वाचलेल्या पैशांसाठी हे करू नये.

नवा रिले घेताना जुना सोबत न्या. नुसता आकार जुळून भागत नाही. डबीवरची आकृती आणि अँपिअर जुळायला हवेत. चार पायांच्या जागी पाच पायांचा मिळाला, तर मधला ८७ए हा पाय रिले बंद असताना ३० ला जोडलेला असतो हे लक्षात घ्या आणि सॉकेटच्या त्या घरात वायर नाही ना, ते बघा. सॉकेटमधल्या पत्त्याही पाहा. कोकणातल्या दमट हवेत त्या हिरव्या पडतात, सैल होतात, आणि नवा रिलेही त्यात तापू लागतो.

रिले बसवल्यावर पंप चालू ठेवून ३० आणि ८७ मधले व्होल्ट मोजा. ०.२ च्या आत असतील तर पॉइंट चांगले. शेवटी पंप किती करंट खेचतोय तेही बघून घ्या. गाडीच्या पुस्तकात दिल्यापेक्षा बराच जास्त असेल, तर फिल्टर तुंबलाय किंवा पंप जड झालाय. तो भार तसाच राहिला, तर नव्या रिलेचे पॉइंटही जळतील.